ऑनलाइन अभ्यासक्रम आणि आपला विद्यार्थी



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी चालकांनी आम्हांला पाचारण केले, याबद्दल प्रथम आम्ही त्यांचे आभार मानतो. आमंत्रण देताना त्यांनी एक प्रेमळ ताकीदही दिली होती. ‘यंत्रांची नावे फार घेऊ नका. आमच्या श्रोत्यांत निवृत्त मंडळी आहेत, गृहिणी आहेत, दुकान बंद करून येणारे व्यापारी आहेत. त्यांना समजेल असे बोला,’ असे ते म्हणाले. ही ताकीद आम्ही आनंदाने मान्य केली. कारण ऑनलाइन शिक्षणात यंत्राचा भाग जेवढा मोठा वाटतो तेवढा तो मोठा नाही, आणि माणसाचा भाग जेवढा लहान समजला जातो तेवढा तो लहान नाही, हेच तर आम्हांला आज सांगावयाचे आहे.

आपणांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे कॉलेजात असतील. त्यांच्या पदवीचा काही भाग आता वर्गाबाहेर, पडद्यासमोर बसून पुरा होऊ शकतो. भारत सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ नावाची व्यवस्था सुरू केली. तीत चित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न असे प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम तेथून घेण्यास मुभा दिली होती. २०२१ साली ती मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. म्हणजे हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. तो पदवीचा आहे, आणि पदवीमागून येणाऱ्या भाकरीचा आहे. म्हणून हे अभ्यासक्रम कसे रचावेत, आणि मुख्य म्हणजे कोणासाठी रचावेत, याचा विचार शिक्षकांइतकाच नागरिकांनीही केला पाहिजे.

येथे आमची थोडी अडचण होते, ती आधीच सांगून टाकतो. नुसत्या व्याख्यानाने शिक्षण होत नाही, असे आम्ही आज म्हणणार आहोत. आणि ते म्हणणार आहोत व्याख्यानाच्याच व्यासपीठावरून. पंगतीला बसून अन्नाला नावे ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. तथापि आपण येथे आपखुशीने आलेले आहात. शेजारी ओळखीची माणसे आहेत. कंटाळा आला तर आपण उठून जाल, आणि उद्या कोणी आपली परीक्षा घेणार नाही. विद्यार्थ्याची स्थिती अशी नसते. श्रवणाचा आनंद आणि अभ्यासाचे श्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान विद्यार्थ्याचे होते.

दुरून शिकविण्याची जुनी परंपरा

दुरून शिकविणे ही काही कालपरवाची कल्पना नव्हे. १८४० साली इंग्लंडात एक पेनीत देशभर पत्र जाऊ लागले, आणि त्याच वेळी आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकविण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून पाठवावयाचा आणि पिटमन यांनी तो तपासून, चुका दुरुस्त करून परत धाडावयाचा, अशी त्यांची पद्धत होती. या पद्धतीतले मर्म पाहा. धडा टपालाने गेला एवढ्याने ते शिक्षण झाले नाही. पुस्तके तर त्याआधीही टपालाने जातच होती. विद्यार्थ्याचा कागद परत आला, आणि त्यावर गुरूच्या हातचे काही लिहिलेले होते, म्हणून ते शिक्षण झाले.

पुढे इंग्लंडातच मुक्त विद्यापीठ निघाले. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ साली ही कल्पना बोलून दाखविली, १९६९ साली विद्यापीठास सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे २५,००० विद्यार्थ्यांनी अभ्यास सुरू केला. कोणतीही आधीची परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट नव्हती. या विद्यापीठाचे कार्यक्रम बीबीसीवरून प्रक्षेपित होत, म्हणून लोकांना ते ‘दूरचित्रवाणीवरचे विद्यापीठ’ वाटे. वस्तुतः त्याचा कणा दूरचित्रवाणी हा नव्हता. छापील पाठ, घरी पाठविलेली प्रयोगाची पेटी, आणि विद्यार्थ्याच्या स्वाध्यायावर सविस्तर शेरे लिहिणारा मार्गदर्शक, हा तिचा कणा होता. त्या पेटीत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटेखानी सूक्ष्मदर्शकही असे. तेथे एकेक अभ्यासक्रम एकट्या प्राध्यापकाने न लिहिता मंडळाने मिळून लिहिण्याची प्रथा पडली. एकाने लिहावे, दुसऱ्याने ‘हे नवख्याला समजणार नाही’ म्हणून अडवावे, असे ते काम चाले.

आपल्याकडेही दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. हैदराबादेस १९८२ साली देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आले, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. शिक्षण अर्धवट सुटलेली माणसे, नोकरी सांभाळून शिकणारे, संसारातून पुन्हा पुस्तकाकडे वळणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी हे दार उघडले गेले. तेव्हा दूरस्थ शिक्षणाचा मूळ हेतू ‘मागे राहिलेल्यास गाठणे’ हाच होता, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. कारण पुढे जे घडले ते नेमके याच्या उलट आहे.

मोठे आकडे आणि त्यांचा अर्थ

२०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन अध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांस खुला केला. सुमारे १,६०,००० लोकांनी नावे नोंदविली. पुढच्याच वर्षी एमआयटी या संस्थेने विद्युत्‌मंडलांचा अभ्यासक्रम असाच खुला केला. तेथे सुमारे १,५५,००० नावे आली. जगभर जयजयकार झाला. आता विद्यापीठांच्या भिंती पडल्या, गरिबाच्या झोपडीत ज्ञानगंगा आली, असे लोक म्हणू लागले. परंतु एमआयटीच्या त्या अभ्यासक्रमात शेवटी प्रमाणपत्र मिळविणारे निघाले सुमारे ७,०००. म्हणजे शंभरातले पाचसुद्धा नाहीत.

या आकड्याचा विपर्यास करू नये. पुष्कळांनी केवळ कुतूहलाने नाव घातले होते. दुकानात डोकावून जाणाऱ्या प्रत्येकास गिऱ्हाईक म्हणता येत नाही. पण पुढे अशा अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली तेव्हा असे दिसले की, त्यांत बहुसंख्य लोक आधीच पदवीधर होते. ज्याच्या घरी विहीर आहे त्याच्याच दारी नळ आला, असा हा प्रकार झाला.

याहून विचार करावयास लावणारी गोष्ट कॉलेजांतील विद्यार्थ्यांची आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात दोन वर्षांची सामुदायिक कॉलेजे आहेत. कष्टकरी घरांतली, नोकरी करणारी मुले तेथे पुष्कळ शिकतात. तेथील ४०,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी घेतलेल्या सुमारे ५,००,००० अभ्यासक्रमांच्या निकालांचा अभ्यास डी शू आणि शॅना जॅगर्स या दोन संशोधिकांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच प्रकारच्या विद्यार्थ्यांची प्रगती वर्गापेक्षा कमी झाली होती. परंतु सर्वांची सारखी कमी झाली नव्हती. मुलींपेक्षा मुलांची, प्रौढांपेक्षा लहान वयाच्या विद्यार्थ्यांची, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची, आणि आधीच ज्यांचे गुण कमी होते त्यांची घसरण अधिक होती. म्हणजे वर्गात जे अंतर होते ते पडद्यावर वाढले.

मंडळी, आमच्या आजच्या विषयाचे गांभीर्य येथे आहे. जे साधन मागे राहिलेल्यास गाठण्यासाठी निघाले, ते नीट योजले नाही तर त्यालाच आणखी मागे ढकलते. साधन वाईट म्हणून हे घडते असे नाही. ते कोणासाठी रचावे याचा विचार न करता रचले म्हणून घडते.

आमच्या हातून झालेली चूक

दुसऱ्यांचे दोष सांगणाऱ्याने स्वतःचाही हिशेब द्यावा, म्हणून आमचा अनुभव सांगतो. आम्ही एका तालुक्याच्या गावी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवितो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि त्या पावसाळ्यात आम्ही मोबाइलसमोर बसून शिकवू लागलो. वर्गात जे तासभर बोलत होतो तेच तासभर तेथे बोललो. समोर काळे चौकोन आणि त्यांत नावे. ‘समजले का?’ म्हणून विचारले की एकदोन मुले ‘हो सर’ म्हणत. त्यावर आम्ही समाधान मानीत असू.

वास्तविक आम्ही संख्याशास्त्राचे शिक्षक. सरकारच्या नमुना पाहणीचा २०१७-१८ चा अहवाल आम्हांस ठाऊक होता. संगणक असलेली घरे शहरी भागात शंभरांत सुमारे २३ आणि ग्रामीण भागात अवघी ४. इंटरनेटची सोय असलेली घरे शहरात ४२ आणि खेड्यात १५, असे त्यात छापलेले होते. हे आकडे आम्ही फळ्यावर लिहून दाखवीत होतो. पण ते आमच्याच हजेरीपटातले आहेत, हे काही आमच्या ध्यानात आले नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याची हजेरी पूर्ण भरे, पण तीन चाचण्यांपैकी दोहोंत आम्ही त्यास गैरहजर मांडले. चाचणी सकाळी अकरा ते बारा असे. एके रात्री त्याचा फोन आला. ‘सर, मी हायवेच्या पंपावर कामाला लागलोय. तुमचं बोलणं कानात घालून ऐकतो मी रोज. पण अकराला गाड्यांची रांग असते. रात्री दहानंतर पेपर सोडवून पाठवला तर चालेल का?’ आम्ही सांगितले, ‘अरे, एकट्यासाठी नियम कसा मोडणार?’ तो म्हणाला, ‘बरं सर.’ पुढच्या वर्षी हजेरीपटात त्याचे नाव नव्हते.

नियम मोडण्याचा तो प्रश्नच नव्हता. अकराची वेळ विद्यापीठाने ठरविलेली नव्हती, सरकारने ठरविलेली नव्हती. ती आम्हीच आमच्या सोयीने ठरविली होती. जो मुलगा गाड्यांत पेट्रोल भरताना संख्याशास्त्र ऐकत होता, त्याच्याहून शिकण्याची अधिक आस्था दुसऱ्या कोणास होती? त्यास आम्ही गमावले, ते इंटरनेटच्या वेगामुळे नव्हे.

सरासरी विद्यार्थी कोठे राहतो?

त्यानंतर आम्ही आमचा अभ्यासक्रम मोडून नव्याने रचण्यास घेतला. तेव्हा जे उमगले ते आमच्याच विषयातल्या एका साध्या उदाहरणाने सांगतो. समजा, एका आळीत पाच घरे आहेत. त्यांचे महिन्याचे उत्पन्न अनुक्रमे ८, ९, १०, ११ आणि ६२ हजार रुपये आहे. बेरीज १०० हजार. सरासरी २० हजार. आता त्या आळीत वीस हजार मिळविणारे घर कोणते? एकही नाही. सरासरीवरून त्या आळीसाठी दुकान काढणारा व्यापारी बुडेल. चांगल्या मधल्या घराची, ज्यास आम्ही मध्यक म्हणतो त्याची, कमाई दहा हजार आहे.

अभ्यासक्रम रचणारे आम्ही लोक असेच एका सरासरी विद्यार्थ्यासाठी रचतो. त्याच्याकडे स्वतःचा संगणक असतो, निवांत खोली असते, इंग्रजी बरे असते, सकाळची वेळ मोकळी असते. असा विद्यार्थी कोठे राहतो? खऱ्या वर्गात एकीकडे भावंडांत मिळून एक मोबाइल असलेली मुलगी असते, कामावर जाणारा मुलगा असतो, दहावीपर्यंत मराठीत शिकून इंग्रजी पुस्तकाशी झुंजणारे असतात, दृष्टी अधू असलेला एखादा असतो. आणि दुसरीकडे ज्याला हे सारे आधीच येते आणि म्हणून कंटाळा येतो असाही असतो. सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवून तो बसत नाही म्हणून मुलांनाच दोष द्यावयाचा, हे आता थांबले पाहिजे.

मग काय करावे? आम्ही केले ते, आणि या विषयाच्या अभ्यासकांना आढळले ते, असे थोडक्यात पाचच गोष्टींत मांडतो.

पहिली गोष्ट, घास लहान करावा. एडएक्स या संस्थेच्या अभ्यासक्रमांत चित्रफिती पाहिल्या गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून तीन संशोधकांनी २०१४ साली असे दाखविले की, चित्रफीत कितीही लांब असो, विद्यार्थी सर्वसाधारणपणे सहा मिनिटांपलीकडे तीत टिकत नाही. तेव्हा तासाचे व्याख्यान तुकडे करून टाकणे नव्हे, तर एका तुकड्यात एकच कल्पना बसविणे, हे काम आहे. आम्ही सरासरीचा एक तासाचा पाठ पाच मिनिटांच्या तीन भागांत आणि दोन पानांत बसविला. बसविताना कळले की आमच्या तासातली अर्धी वाक्ये आमच्याच आनंदासाठी होती.

दुसरी गोष्ट, सांगण्याआधी आणि सांगितल्यानंतर विचारावे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतली तेव्हा पारडे फिरले. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे ५६ टक्के राहिले होते, नुसते वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आपले पूर्वज पाठ म्हणून दाखवावयास लावीत त्यात काही शहाणपण होते, असे यावरून म्हणावयास हरकत नाही. म्हणून प्रत्येक लहान भागानंतर दोनतीन प्रश्न असावेत; त्यांना गुण नसले तरी चालतील, पण उत्तर चुकले तर का चुकले हे तेथेच सांगितलेले असावे.

तिसरी गोष्ट, एकाच खोलीला अनेक दारे ठेवावीत. रस्त्याकडेची पायवाट चाकाच्या खुर्चीसाठी उतरती केली, तर तिचा उपयोग बाबागाडी नेणाऱ्या आईला होतो, ओझे ओढणाऱ्या हमालाला होतो आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांनाही होतो. हीच दृष्टी अमेरिकेतील कास्ट या संस्थेने शिक्षणात आणली. एकच गोष्ट चित्राने, शब्दांनी, आवाजाने अशा अनेक वाटांनी समोर ठेवावी. विद्यार्थ्यास उत्तरही वेगवेगळ्या प्रकारे देता यावे. आणि त्याचे मन रमण्याची कारणे वेगवेगळी असू शकतात हे ओळखावे, असे ती संस्था सांगते. चित्रफितीखाली अक्षरे दिली तर ज्यास ऐकू येत नाही त्याची सोय होतेच; पण रात्री झोपलेल्या घरात आवाज न करता अभ्यास करणाऱ्या मुलीचीही होते. नुसता आवाज वेगळा दिला तर दृष्टी नसलेल्याची सोय होते, आणि पंपावर काम करणाऱ्याचीही. दोन पानांचा छापील पाठ तर सर्वांत स्वस्त. एकदा उतरवून घेतला की त्यास पुन्हा इंटरनेट लागत नाही.

चौथी गोष्ट, भाषा आणि उदाहरणे विद्यार्थ्याच्या घरची असावीत. पारिभाषिक शब्द इंग्रजी राहिला तरी चालेल, पण त्याची फोड मराठीत झाली पाहिजे. आमच्या पाठ्यपुस्तकात परदेशी कारखान्यांतल्या उत्पादनाचे तक्ते होते. त्यांऐवजी आम्ही मुलांना सांगितले, आठवडाभर आपल्या बाजारातला कांद्याचा भाव लिहा, किंवा एसटीची वाट पाहण्यात गेलेली मिनिटे मोजा, आणि त्यावरून सरासरी व मध्यक काढा. एका मुलीने पाण्याच्या टँकरच्या वेळा लिहून आणल्या. तिने काढलेला निष्कर्ष आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. आता उत्तरे लिहून देणारी यंत्रे २०२२ अखेरपासून सर्वांच्या हातांत आली आहेत. परक्या तक्त्यावरचे गणित ती क्षणात सोडवून देतात. पण तिच्या आळीत टँकर किती वाजता आला, हे पाहण्यास तिलाच उभे राहावे लागते. आकडे कोणीही कल्पनेने लिहू शकतो, हे खरे. म्हणून ‘ते कसे मोजले हे एका मिनिटात आपल्या आवाजात सांगा,’ असेही आम्ही विचारतो. ज्याने मोजले आहे तो अडखळत का होईना, सांगतो.

पाचवी आणि सर्वांत मोठी गोष्ट, उत्तर द्यावे. मायकेल मूर या अभ्यासकाने दूरशिक्षणातील अंतराचा विचार करताना असे दाखविले की, ते अंतर मैलांनी मोजावयाचे नसते. शिक्षक व विद्यार्थी यांत संवाद किती आहे यावर ते अवलंबून असते. संवाद नसेल तर पहिल्या बाकावरचा मुलगाही दूरच असतो. आम्ही एक नियम घातला. सोमवारी पाठ जाईल, रविवारी रात्री बारापर्यंत स्वाध्याय केव्हाही पाठवावा, आणि बुधवारच्या आत प्रत्येकास त्याच्या नावाने दोन ओळी जातील. दोन आठवडे कोणाकडून काही आले नाही तर आम्ही फोन करू. यात कसलीही विद्वत्ता नाही. परंतु पूर्वी जी मुले चौथ्या आठवड्यात दिसेनाशी होत, त्यांतली कित्येक टिकली. एकीने रात्री पावणेबारा वाजता स्वाध्यायाखाली लिहिले होते, ‘सर, मागच्या वेळी तुम्ही लिहिलेलं घरी दाखवलं.’ पुढे काही नव्हते. आमच्या पंचवीस वर्षांच्या व्याख्यानांनी जे तिच्या घरात पोचले नसते ते त्या दोन ओळी घेऊन गेल्या.

काही आक्षेप

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, हे सारे मुलांचे लाड आहेत. याने शिक्षणाचा दर्जा खाली येईल. आम्हांला तसे वाटत नाही. इमारतीला उतरती वाट केल्याने तिचा मजला कमी होत नाही. आम्ही परीक्षेतला एकही प्रश्न सोपा केलेला नाही. फक्त तेथपर्यंत येण्याच्या वाटेवरचे दगड बाजूस केले आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे आम्हीच टाकलेले होते. मुदतच नसावी असेही आमचे म्हणणे नाही. मुदत हवी, ती आठवड्याची असावी, घटकेची नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो खरा आहे. ऑनलाइन शिक्षण म्हणजे स्वस्त शिक्षण, एकदा चित्रफीत केली की शिक्षक नको, असा समज पसरलेला आहे. नुसती चित्रफीत हजारांना दाखविता येते हे खरे. पण दोन ओळींचे उत्तर हजारांना देण्यास माणसे लागतात. आमच्या ऐंशी मुलांच्या स्वाध्यायांना दर आठवड्यास आमचे दोन दिवस जात. एका शिक्षकाकडे चारशे मुले सोपविली तर हे होणार नाही. तेव्हा ज्या संस्था शिक्षक कमी करण्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम घेतील, त्या आपल्या मुलांना शिक्षण देणार नाहीत. शिक्षणाचे चित्र दाखवतील. वर्गाची जागा पडद्याने सर्वस्वी घ्यावी, असेही आम्ही म्हणत नाही. ज्याला वर्गात येणे शक्य आहे त्याने वर्गात यावे, यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. परंतु ज्यास ते शक्य नाही त्याला उरलेसुरले वाढू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

आपण नागरिकांनी काय करावे

शेवटी आपल्याकडे वळतो. आपण म्हणाल, हे शिक्षकांचे काम. आम्ही काय करणार? तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. गावातल्या वाचनालयाने संध्याकाळी एक टेबल, दिवा आणि इंटरनेट विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावे. पुस्तकांच्या कपाटांशेजारी त्याला जागा निघेल. घरात एकच मोबाइल असेल तर मुलाबरोबर मुलीचाही तास ठरवून द्यावा, आणि तो मोडू नये. ज्यांच्याकडे अशी मुले कामाला आहेत, त्या दुकानदारांनी आणि पंपवाल्यांनी परीक्षेपुरती तासाची सवड द्यावी.

आणि कॉलेज आपल्या मुलाचे नाव अशा अभ्यासक्रमात घालील तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारावा. चित्रफिती कोणत्या मोठ्या संस्थेच्या आहेत, हे विचारू नका. त्या उत्तमच असतील. ‘आमच्या मुलाने प्रश्न विचारला तर त्यास उत्तर कोण देणार, आणि किती दिवसांत?’ एवढेच विचारा. याचे उत्तर नावानिशी मिळाले तर अभ्यासक्रम बरा समजावा. न मिळाले तर पिटमन यांनी १८४० साली जे केले तेवढेही तेथे होत नाही, असे खुशाल समजावे.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्ही पुढे शोधला. त्याने काम बदलले होते, फोनही बदलला होता. त्यास द्यावयाचे उत्तर आमच्याकडे राहून गेले ते गेलेच. पुढच्या कोणाचे तसे राहू नये, म्हणून आज आपल्यासमोर ही कबुली दिली.

आम्ही तासभर एकटेच बोललो. आता अध्यक्षांच्या परवानगीने आपण प्रश्न विचारावेत. ज्यांना उभे राहून विचारण्याचा संकोच वाटत असेल त्यांनी चिठ्ठी लिहून दारापाशी द्यावी आणि खाली आपला पत्ता घालावा. आज वेळ पुरला नाही तर आम्ही घरी जाऊन उत्तर लिहू आणि टपालाने पाठवू.